मेहुण्याच्या हळदीतल्या चाळीस तबकड्या

मेहुण्याच्या हळदीला ठरवलेला डीजे मी परस्पर रद्द केला आणि सासऱ्यांना ते सांगायचं राहून गेलं. चूक एवढीच.

बाकी सगळं तत्त्वाचं होतं. नव्वदच्या दशकात नाशिकच्या इंदिरानगरात आम्हा चौघांचा एक क्लब होता. एकाच्या काकांनी इंग्लंडहून साठच्या दशकातल्या नाचाच्या गाण्यांच्या तबकड्या आणल्या होत्या, सोबत तिकडच्या 'मॉड' पोरांचे फोटो. मग काय, आम्हीही मॉड. चिंचोळी पँट, दोन बोटं रुंदीचा टाय, स्कूटरला चौदा आरसे (मागचं वाहन एकातही दिसत नसे, स्वतःचा भांग चौदांतही दिसे). अख्खं नाशिक रिमिक्सवर उड्या मारत होतं, तेव्हा आम्ही गॅरेजचं शटर ओढून, घामाने निथळत, योग्य संगीत ऐकत होतो. नियम कडक: फक्त तबकडी. कॅसेट लावणाऱ्याला महिनाभर बंदी.

पुढे एक मित्र अमेरिकेला गेला, दुसरा भजनी मंडळात, तिसऱ्याने आरसे काढून स्कूटरला दुधाच्या किटल्या अडकवल्या. २००४ साली क्लबचा अध्यक्ष, सचिव आणि श्रोतृवर्ग मी एकटाच उरलो होतो. म्हणजे जबाबदारी वाढलीच की!

मेहुणा योगेश नामपूरचा. त्याची लग्नात एकच हौस, हळदीला मित्र मनसोक्त नाचले पाहिजेत. हळदीला माझ्याच तबकड्या लावू, असं मी सुचवताच त्याने फोनवर काळजीने विचारलं, "दाजी, तुमच्या गाण्यांवर नाचता येईल ना?"

"अरे, दुसरं काही करताच येत नाही त्यांच्यावर," मी म्हणालो, आणि लगेच डीजेवाल्याला कळवून टाकलं.

भर मे महिन्यात सूट-टाय घालून, मागे रेकॉर्ड प्लेअर आणि पुढे चाळीस तबकड्यांची पेटी बांधून मी स्कूटरने नामपूरला पोचलो. (त्या आरशांसोबत माहेरी शिरणार नाही, असं सांगून बायको आधीच एसटीने गेली होती.) वाटेत पेटीत इतकी धूळ शिरली की तबकड्या दिसेनात. मी त्या साबणाच्या पाण्याने पुसल्या आणि गच्चीवर सासूबाईंच्या कुरडयांशेजारी ओळीने वाळत घातल्या. पाच मिनिटांचं काम. पण मध्ये पुरणपोळी आली आणि पुरणपोळीनंतर झोप.

उठलो तेव्हा चार वाजले होते. गच्चीवर चाळीस द्रोण होते. नुसते द्रोण असते तरी चाललं असतं. पण सासूबाई मायाळू. "एकच बाजू वाळत होती ना, म्हणून दुपारी मी उलथून ठेवल्या," त्या म्हणाल्या. त्यामुळे प्रत्येक तबकडी आधी खाली वाकली होती आणि मग वर.

संध्याकाळी मांडव भरला. सासऱ्यांनी चारही दिशांना पाहिलं आणि मला विचारलं, "डीजे कोठे शे?"

मी छातीवर हात ठेवला. त्यांनी माझ्या टायकडे बघितलं आणि ते खुर्चीत बसले.

मी पहिली तबकडी लावली. पिन घाटातल्या जीपसारखी चढू-उतरू लागली. चढावर गायक रडे, उतारावर घाईत असे. योगेशचे मित्र हाताची घडी घालून उभे. खुद्द योगेश हळदीने पिवळा होताच, आता चेहरा पांढरा पडला. पण क्लबचा अध्यक्ष माघार घेत नाही. मी एकटा मांडवाच्या मधोमध आमची खास गिरकी घेत नाचलो. एक नाही, सलग तीन तबकड्या. सगळं नामपूर बघत होतं. बघू दे.

चौथीला वीज गेली.

अंधारातच मावससासूबाईंनी घमेलं उपडं घालून बडवायला घेतलं, बायकांनी हळदीची गाणी उचलली, आणि कंदिलाच्या उजेडात योगेशचे मित्र असे नाचले की मांडवाचा एक खांब हलला. योगेशला तर खांद्यावरून खाली उतरूच देईनात.

लग्न पार पडल्यावर पेटी बांधताना मी बायकोला ठणकावून सांगितलं की माझं मुळीच चुकलं नाही, उलट निर्णय दूरदृष्टीचा होता. डीजे आणला असता तर वीज गेल्यावर तोही बंदच पडला असता.

तिने पेटीची दोरी ओढून घट्ट गाठ मारली.

"डीजेवाल्याकडे जनरेटर असतो," ती म्हणाली.