वाया गेलेल्या सीड्यांचं पोतं

नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता पुसट झाली आहेत, पण लातूरच्या बसस्थानकावर आम्ही उघडलेलं ते पोतं आजही जसंच्या तसं डोळ्यांसमोर येतं. पोत्यात सीड्या होत्या, आणि त्यातली एकही चालत नव्हती.

भूकंपाला तेव्हा बरीच वर्षं उलटली होती आणि लातूर शिकवण्यांचं गाव झालं होतं. डाळ मिलच्या रस्त्यावर जिथं पूर्वी फक्त पोत्यांनी भरलेले ट्रक दिसायचे, तिथं सकाळी सायकलींवरची मुलं-मुली दिसू लागली होती. मी शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. आमच्या ठाणे डायरीतल्या नोंदीही बदलल्या होत्या. जनावरं चोरीला गेल्याच्या, बांधावरून झालेल्या मारामाऱ्यांच्या तक्रारी कमी झाल्या, आणि हॉस्टेलमधून मोबाईल गेला, क्लासबाहेरून सायकल गेली, अशा तक्रारी वाढल्या.

अशातच एका क्लासचे संचालक ठाण्यात आले. त्यांच्या क्लासमध्ये रसायनशास्त्राच्या तासांचं चित्रण व्हायचं आणि त्याच्या सीड्या करून मुलांना दिल्या जायच्या. सहा महिन्यांपासून त्यातल्या निम्म्याअधिक सीड्या अर्ध्यात बंद पडत होत्या. पालक येऊन भांडत होते. कोऱ्या सीड्यांची खोकी मात्र भराभर संपत होती. त्यातच नांदेडच्या एका दुकानात त्यांच्याच तासांच्या चांगल्या, चालणाऱ्या प्रती मिळाल्या. त्यांचा हिशेब सरळ होता. सीड्या करणारा त्यांचा ऑपरेटर चांगल्या प्रती बाहेर देतो आणि खराब प्रती मुलांच्या माथी मारतो. नोकराने केलेल्या अपहाराचा गुन्हा आम्ही नोंदवून घेतला.

दोन-तीन दिवसांतच बसस्थानकावरच्या आमच्या खबऱ्याने निरोप दिला. तो ऑपरेटर दर शनिवारी दुपारी मुखेडच्या एसटीला एक पोतं घेऊन बसतो, पोतं टपावर टाकत नाही, पायाशी ठेवतो. पुढच्या शनिवारी मी आमच्या एका जुन्या हवालदारांना घेऊन फलाटावर गेलो. दोन पंच सोबत होते. पन्नाशीकडे झुकलेला, इस्त्री केलेला पण विटलेला शर्ट घातलेला एक माणूस रांगेत उभा होता. हवालदारांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्याने पळायचा प्रयत्न केला नाही. पोतं स्वतःच खाली ठेवलं आणि तोंड सोडलं. आत सीड्या खच्चून भरल्या होत्या.

त्याच दिवशी क्लासमधला कॉम्प्युटरही पंचनामा करून जप्त केला. जुना, पिवळा पडलेला, चालू करताना पंख्याचा घरघर आवाज करणारा. वायरी काढत असताना त्या माणसाने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"साहेब, मला न्यायचं तिकडं न्या. पण त्याच्यातलं काही पुसू नका."

पोलीस माणसाला असं वाक्य पुरेसं असतं. यातच काहीतरी आहे, हे मी ओळखलं. काय आहे, ते मात्र मला वाटलं त्याच्या जवळपासही नव्हतं.

चौकशीला मी त्याला समोर खुर्चीवर बसवलं. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस लवकर बोलतो आणि जास्त बोलतो. हा बोलतच नव्हता. नांदेडच्या दुकानाचं विचारलं, तर ठाऊक न्हाई म्हणाला. पोत्यातल्या सीड्यांचं विचारलं, तर म्हणाला, वाया गेलेल्या आहेत, मुखेडला बहिणीच्या शेतात नेतो. शेतात सीड्या कशाला, यावर त्याने खाली मान घातली. हवालदार माझ्याकडे बघून हसले.

मग मी नेहमीचे प्रश्न सुरू केले. नाव, वय, मूळ गाव. त्याने गावाचं नाव सांगितलं आणि लिहिणाऱ्या हवालदारांचा पेन थांबला. भूकंपानंतर त्या पट्ट्यात बंदोबस्ताला मी होतो, तेही होते. त्या गावातल्या माणसाला 'घरी कोण कोण असतं' हा पुढचा प्रश्न विचारायचा नसतो, हे आम्ही तिथंच शिकलो होतो. रकाना मोकळा ठेवून हवालदार उठले आणि चहा सांगायला बाहेर गेले.

चहा घेताना तो थोडा बोलता झाला. गावात सोसायटीत कारकून होता. त्या रात्री तो मुखेडला बहिणीकडं मुक्कामाला होता, म्हणून वाचला. बायको आणि लहान मुलगी घरात होत्या. पुढे पुनर्वसनातल्या एका शिबिरात टायपिंग शिकला, मग कॉम्प्युटर शिकला, मग लातूरला आला. हे सगळं त्याने एखादा अर्ज वाचून दाखवावा तसं सांगितलं. कॉम्प्युटरमध्ये काय आहे, याचं उत्तर मात्र दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी हवालदार मुखेडला गेले. परत आले ते सरळ माझ्या खोलीत.

"खरं हाय साहेब. बहिणीच्या ज्वारीत दोऱ्यांना सीड्या बांधून ठेवल्यात. वाऱ्यानं हलत्यात, चमकत्यात. पाखरं लई कमी झालीत म्हणती ती." थोडं थांबून ते म्हणाले, "शेजारच्या वावरातबी दिल्यात बांधायला."

म्हणजे सीड्या खरोखर वाया गेलेल्या होत्या. मालक रागावेल म्हणून तो त्या क्लासच्या कचऱ्यात टाकत नव्हता, एवढंच. पण इतक्या सीड्या वाया का जात होत्या? मुद्दाम बिघडवल्या म्हणावं तर त्याचा फायदा दिसत नव्हता.

पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका मॅडमना तज्ज्ञ म्हणून बोलावलं. ठाण्यातच, पंचांसमोर त्यांनी कॉम्प्युटर जोडला आणि एक सीडी करायला घेतली. ती अर्ध्यातच थांबली. त्यांनी कोरी सीडी दुसऱ्या बनावटीची घेतली. तीही गेली. सीडी लिहिणाऱ्या राइटरची काच कापसाने पुसली, लिहिण्याचा वेग कमी केला, मागे चालू असलेली इतर कामं बंद केली. त्यानंतरची सीडी थोडी जास्त पुढे गेली आणि थांबली. तो माणूस कोपऱ्यातल्या बाकावर बसून बघत होता. हे सगळं त्याने कितीदा करून पाहिलं असेल, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

शेवटी मॅडमनी हार्ड डिस्कवर जागा किती उरली आहे ते पाहिलं. जवळजवळ नव्हतीच. त्यांनी मला समजेल असं सांगितलं: सीडी लिहिण्याआधी कॉम्प्युटरला थोडी मोकळी जागा लागते, तिथं तो माहिती मांडून ठेवतो आणि राइटरला न थांबता पुरवत राहतो. जागा नसली की पुरवठा तुटतो, आणि एकदा तुटला की ती सीडी फुकट. एवढ्या जुन्या मशीनमध्ये तर हे होणारच.

"जागा कशानं भरली?" मी विचारलं.

"एकच फाईल आहे, फार मोठी. ही काढून टाकली की सगळं सुरळीत चालेल."

बाकावरचा माणूस उभा राहिला. "काढू नका बाई," तो म्हणाला, आणि इतक्या दिवसांत अडून राहिलेलं सगळं बाहेर आलं.

भूकंपाच्या आधी मुदखेडला, त्याच्या सासुरवाडीत, मेहुण्याचं लग्न झालं होतं. त्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट तिथंच एका पेटीत राहिली होती. गावातल्या घराबरोबर फोटो, कागदपत्रं सगळं गेलं होतं, बायकोची एकही छबी उरली नव्हती. कॅसेट सापडल्याचं कळताच तो मुदखेडला जाऊन ती घेऊन आला. क्लासच्या कॉम्प्युटरला कॅमेऱ्यावरून चित्रण उतरवून घ्यायची सोय होती. एका रविवारी, क्लास बंद असताना, त्याने भाड्याने आणलेल्या व्हीसीआरमध्ये कॅसेट लावून सगळं लग्न आत घेतलं. कॅसेटला बुरशी धरली होती. संपता संपता फीत आत अडकली आणि चुरगळून तुटली. आता जे होतं ते त्या मशीनमध्येच होतं. एका सीडीत ते मावत नव्हतं आणि तुकडे कसे करायचे ते त्याला येत नव्हतं. त्या फाईलमुळेच सीड्या वाया जातात, हे त्याला कळून चुकलं होतं.

"मग मालकांना सांगायचं ना," मी म्हणालो.

"काय सांगू साहेब? ते म्हणले असते, पुसून टाक. त्यांचं बरोबरच हाय, मशीन त्यांचं."

तपासाचा भाग म्हणून ती फाईल उघडणं भाग होतं. मी मॅडमना ती लावायला सांगितली. बँडवाले, वरात, अक्षता पुढे सरकत गेल्या. जेवणाच्या पंगतीशी तो पडद्याजवळ सरकला. हिरव्या साडीतली एक बाई कडेवर मूल घेऊन भात वाढत होती. आमच्याकडे तिची पाठ होती. व्हिडिओवाल्याचा प्रखर दिवा तिच्यावर पडला, तसा तिने पदर ओढून घेतला आणि तोंड वळवलं. मुलीने तिच्या खांद्यात डोकं खुपसलं होतं, नुसता एक पाय खाली लोंबत होता. पंगतीच्या शेवटापर्यंत ती वाढत गेली. चेहरा दिसेल म्हणून मी थांबलो होतो. दिसला नाही.

"तोंड कुठंच न्हाई," तो म्हणाला. "सगळं बघितलं मी. पण वाकती तशीच. मूल असंच घ्यायची."

पडद्यावर ती पातेलं घेऊन घराच्या दाराकडे निघाली. त्याने मॅडमपुढे हात केला. "इथं थांबवा. आत गेल्यावर परत येत न्हाई ती."

मॅडमनी थांबवलं. हवालदार खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी पंचांना बाहेर जायला सांगितलं.

नांदेडच्या दुकानाचा तपास आधीच लागत आला होता. क्लासच्याच एका विद्यार्थ्याने चाललेल्या मोजक्या सीड्यांची नक्कल तिथं करून घेतली होती. ऑपरेटरचा त्यात काही संबंध नव्हता. आम्ही न्यायालयात 'क' समरी, म्हणजे गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचा अहवाल, पाठवली. संचालकांना मी सगळं सांगितलं. त्याने मला सांगितलं असतं तर, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणाले. न्यायालयाच्या परवानगीने मॅडमनी त्या फाईलचे भाग पाडले, ते दुसऱ्या मशीनवर नेले आणि सगळ्यात कमी वेगाने सीड्यांवर उतरवले. संचालक स्वतः ठाण्यात येऊन तिथं बसले होते. त्यांनी त्याला कामावर परत बोलावलं. पण तो गेला नाही, मुखेडला बहिणीकडं राहायला गेला.

बदली होऊन जाण्याआधी मुखेडच्या आठवडी बाजारात तो मला भेटला. सीड्या चालतात का, असं मी विचारलं. हाव, चालतात म्हणाला. बघता का, विचारलं, तर म्हणाला, बहीण बघू देत न्हाई, बघितलं की दोन-दोन दिवस जेवत न्हाई मी. मग त्याने माझ्या मुलांची चौकशी केली आणि आम्ही आपापल्या वाटेने गेलो.

पोलिसी नोकरीत आम्ही ओळख परेड घेतो. साक्षीदाराला रांगेपुढे उभं करतो आणि चेहरे बघायला सांगतो. चेहऱ्याशिवाय ओळख पटते, हे कोणत्याही प्रशिक्षणात मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि एखादा माणूस काही लपवतो तेव्हा ते चोरलेलंच असेल असं नाही, हेही त्या बाकावरच्या माणसाने शिकवलं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत कोणतीही वस्तू जप्त करताना, सील लावण्याआधी, मी समोरच्याला एक प्रश्न विचारत आलो: यात तुमचं स्वतःचं काही आहे का? कायद्यात तसं कुठं लिहिलेलं नाही. बहुतेक जण नाही म्हणायचे. पण काही जण नुसतेच गप्प व्हायचे, आणि मग मी लाख आणि मेणबत्ती बाजूला ठेवून बसून राहायचो.