चालवून बघ मॅडम

मॅडमचा कोणाच्याच शब्दावर विश्वास नव्हता. समोरचा कितीही शहाणा असो, त्यांचा प्रश्न ठरलेला, "चालवून बघितलंस का?" ठाण्याच्या आमच्या ऑफिसात सगळे त्यांना मागून 'चालवून बघ मॅडम' म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं.

आमचं सॉफ्टवेअर प्रोग्रॅममधली माहिती फाइलमध्ये बांधून ठेवतं आणि लागेल तेव्हा परत उघडून देतं. ते कसं वापरायचं ती पानं मी लिहायचो, त्यातली कोडची उदाहरणं मॅडम तपासायच्या. टिटवाळ्याहून आल्या की डबा ठेवायचा आणि माझं उदाहरण पानावर असेल तसंच चालवायचं. "लोक वाचत नाहीत रे, उचलतात. उचललेलं चाललं पाहिजे."

एकदा उदाहरणात मी नाव घातलेलं जॉन. मॅडमनी तिथे देवनागरीत प्रज्ञा कांबळे लिहिलं. फाइल परत उघडली तर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. उदाहरणात मराठी नाव कोण घालतंय, म्हणून मी अर्धा दिवस हुज्जत घातली. त्या चिडल्या नाहीत. "जॉनचं भागलं. आंबिवलीच्या एखाद्या प्रज्ञाने काय करायचं?" एकच ओळ वाढवायची होती. वाढवली.

पुढे उदाहरणं मशीन लिहायला लागलं. साहेबांनी मला बोलावून विचारलं, तपासायला वेगळं माणूस लागेल का? प्रश्न कोणाच्या नोकरीचा आहे ते मला स्वच्छ कळत होतं. मॅडमच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच, हेही माहीत होतं. मी म्हणालो, मी बघून घेईन. लाज वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल बधिर असतो ना, तसं. तो बधिरपणा अजून उतरलेला नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी राहिलेल्या उदाहरणांची यादी मला समजावून दिली. वाकडा शब्द नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, "बघून घेईन म्हणालास ना? मग नीट बघ." मी मान हलवली आणि निरोपाचा समोसा खाल्ला.

आमच्या पानांखाली चूक कळवायची जागा आहे. तिथे हल्ली आठवड्याला दोन-तीन निरोप येतात, बिननावाचे. 'बांधलं जातं, परत उघडत नाही. चौथी ओळ.' इतक्या चिकाटीने ती पानं वाचणारं दुसरं कोण असणार? मी ओळ दुरुस्त करतो. निरोपाखाली आभाराचं ठरावीक उत्तर आपोआप उमटतं. त्यात माझं एक वाक्य घालता येतं. घातलेलं नाही.

परवा साहेब खुशीत होते. उदाहरणं हल्ली एकदम चोख असतात म्हणाले. मॅडमवाचून काही अडलं का, असंही विचारलं.

"नाही," मी म्हणालो.