तक्रार नसलेला माणूस

गारगोटीकडच्या एका दूध संस्थेचे सचिव शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात यायचे, ते चपला बाहेर काढूनच. आम्ही लिहून दिलेला प्रोग्राम कसा चाललाय विचारलं, की मोठ्यानं म्हणायचे, "झ्याक हाय की, सायेब!"

तो प्रोग्राम कॉम्प्युटरच्या भाषेच्या जुन्या व्हर्जनमधला. कुणाची तक्रारच येत नाही, तर त्याचा सपोर्ट बंद करू, असं मीच ठरवलं. पुढच्या खेपेला त्यांनी पिशवीतून वही काढली, तोच मी हे सांगून टाकलं.

"बरं की," म्हणत ते वही परत ठेवू लागले. मी ती मागून घेतली. प्रोग्राम कुठं अडला ते पानोपानी लिहिलेलं, आणि खाली त्यांनीच शोधलेला उपाय.

"सांगितलं का नाही?"

"तुमास्नी कशाला तरास?"

शेवटच्या पानावर आदल्या दिवशीची अडचण होती, आणि तिच्याखालची जागा कोरी होती.