केलगेरीच्या तळ्याला एक पूर्ण फेरी

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून माझी बायको सुमन दाजीबानपेठेतल्या घराचा जिना भीत भीतच चढायची. खाली कापडाचं दुकान, वर घर. दुर्गदबैलच्या बाजारात हातगाडीवर गठ्ठे ओढत मी सुरुवात केली, आणि हा जिना आम्ही दोघांनी बांधून घेतला. मुलगा संतोष म्हणाला, "अप्पा, तळमजल्यावरचा फ्लॅट बघून ठेवलाय. सोमवारी होकार द्यायचाय."

सुमन म्हणाली, "एक तळं सबंध फिरून आले, तर जिना माझा. नाही जमलं, तर फ्लॅट."

शनिवारी सरावाला उणकलचं तळं. घरापासून जवळ, बांधीव वाट, बसायला बाकं. ज्यांना नुसती हवा खायची आहे त्यांनी इथेच यावं. अर्ध्यावर सुमन बाकावर बसली आणि मला म्हणाली, "हे मोजायचं नाही."

रविवारी पहाटे धारवाडची बस, पुढे केलगेरीला रिक्षा. परतीची रिक्षा सकाळीच ठरवून ठेवा, तिथे सहज मिळत नाही. पावसाळा नुकताच संपला होता. तळं काठोकाठ, पलीकडे हिरवी शेतं, पाण्यावर बगळे. टपरीवर चहा घेताना शेजारचे दोघे कन्नडात बोलत होते, "कोडी बिद्दैती नोड!" म्हणजे सांडव्यावरून पाणी वाहतंय. मागच्या झुडपांतून खळखळ ऐकू येत होती. माझे कान तिखट, असं बाजार म्हणतो. मी ते ऐकलं, तळं भरलं म्हणून खूश झालो आणि चहावाल्याला आणखी एक सांगितला.

सुमननं टपरीपासूनच सुरुवात केली. "पाणी उजव्या हाताला ठेवायचं. प्रदक्षिणा आहे."

"अगं, हे काय देऊळ आहे?"

"तुम्ही चाला हो."

पहिला टप्पा बांधावरचा, सपाट, वारा मस्त. पुढे शेताच्या कडेची पाऊलवाट. चिखल असतो, बूट चांगले घाला. सुमन काठी टेकत, मध्ये मध्ये थांबत चालली होती. मी चारदा विचारलं, "दुखतंय का?" पाचव्यांदा ती म्हणाली, "अहो, गिऱ्हाईकाला एवढं विचारलंत तर ते उठून जाईल." बाभळीच्या सावलीत बसून जोंधळ्याची भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. गार वाऱ्यात ती भाकरी मला पंगतीहून गोड लागली.

शेवटी टपरीचा धूर दिसला. हाकेच्या अंतरावर! आणि मध्ये सांडवा, त्यावरून पाणी धो धो. तिथे एक बाई म्हशी धूत होती. तिनं हात वर करून ओरडून सांगितलं, "अक्कार, दाटब्याड्री! नीर भाळ ऐती!" पाणी फार आहे, ओलांडू नका.

सकाळी कानावर पडलेलं मला आता कळलं. मी कपाळाला हात लावला.

बाई म्हणाली, माझ्या नवऱ्याची टमटम वर रस्त्यावर आहे, तो सोडेल. मी लगेच, "चल, फेरी झालीच समज. एवढंसं तर राहिलंय."

सुमन पाण्याकडे बघत उभी राहिली. तिचा चेहरा पडलेला मला बघवेना. मग एकदम म्हणाली, "महादेवाच्या देवळात गोमुख ओलांडता तुम्ही?"

"छे! तिथून मागे फिरतो आपण."

"मग? तळ्यातलं पाणी इथूनच बाहेर जातंय. हेच गोमुख. आल्या वाटेनं मागे जायचं, पलीकडच्या काठाला हात टेकायचा. महादेवाची प्रदक्षिणा अशीच पुरी होते, तिला अर्धी कोणी म्हणत नाही."

"अगं, म्हणजे दुप्पट!"

बाई हसून कन्नडात म्हणाली, "अण्णा दमले, अक्का नाही." आणि तिनं आमची पाण्याची बाटली भरून दिली.

परतीत सुमन पाच ठिकाणी बसली. एकदा गुडघा धरून डोळे मिटले, तेव्हा मी टमटमच्या दिशेनं बघितलं, पण तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. बांधावर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. टपरीच्या मागून सांडव्याच्या अलीकडच्या काठाला जाऊन तिनं पाण्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. टपरीवर चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरचीची भजी खाल्ली. तिखटानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, असं तीच म्हणाली.

तुम्ही जाणार असाल तर पावसाळ्यानंतरच जा, आणि आधी टपरीवर सांडव्याचं विचारून घ्या. आम्ही विचारलं नाही, हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात फळलेलं दुर्लक्ष. विचारलं असतं, तर मीच तिला दुसरीकडे नेलं असतं.

संध्याकाळी दाजीबानपेठेत उतरलो. सुमननं कठडा धरला, एकेक पायरी चढली, मधल्या वळणावर श्वास घेतला आणि वर पोचली. संतोषला फोनवर सांगितलं, "फ्लॅट नको रे बाळा." मी खालच्याच पायरीवर बसून त्या चिखलवाटेचे, त्या बाईचे, भरलेल्या तळ्याचे मनात आभार मानत होतो. खरं म्हणजे माझेच गुडघे उठू देत नव्हते.

वरून आवाज आला, "अहो, चहा टाकलाय. येताय, की तुमच्यापुरता घ्यायचा तो फ्लॅट?"