फक्कीची सरळ रेघ

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. मैदान आखायचं असलं की खुंट्या ठोकायच्या, सुतळी ताणायची, आणि मुठीतून फक्की सोडत मागं मागं सरकायचं. चुन्याची ती पांढरी पूड हातातून सारखी सुटावी लागते, नाहीतर रेघ कुठं जाड, कुठं बारीक येते. इतक्या वर्षांत माझा हात बसलाय. माझी रेघ सरळ येते याचा मला अभिमान होता. या उन्हाळ्यापासून ते काम मी दुसऱ्या शिक्षकांकडं दिलंय. का, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आमच्या शाळेच्या मागून खाम नदी जाते. शहरात तिला सगळे नालाच म्हणतात. गेल्या हिवाळ्यात भागातले काही व्यापारी, डॉक्टर, निवृत्त अधिकारी एकत्र आले आणि पुलापासून पुढच्या काठाचं काय करता येईल यावर शाळेच्या हॉलमध्ये बैठका सुरू झाल्या. हॉल शाळेचा, किल्ली माझ्याकडं, म्हणून मीही बसायला लागलो. या मंडळींना कसलाही अधिकार नव्हता. त्यांनी फक्त विचार करायचा आणि चांगली कल्पना निघाली तर वर पाठवायची, एवढंच. हे मला पहिल्या बैठकीपासून माहीत होतं. काठावर राहणाऱ्यांना माहीत नव्हतं, आणि त्यांना जाऊन सांगावं असं आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही.

बैठका मजेच्या व्हायच्या.

"बोटी सोडू," एक डॉक्टर म्हणाले. "संध्याकाळी लोक कुटुंबासकट येतील."

"आधी पाणी तर सोडा," मागून कुणीतरी म्हणालं.

"पाणी आहे की. वास येत नाही का तुम्हाला?"

दरवाजाजवळ घड्याळदुरुस्तीचं दुकान असलेले एक चाचा नेहमी शेवटच्या रांगेत बसायचे. ते म्हणाले, "नाव चलाव, जरूर चलाव. मगर टिकट के साथ रुमाल भी देव."

सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांचं औरंगपुऱ्यात कापडाचं दुकान आहे. "औरंगपुऱ्यात गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक तुटतंय," ते म्हणाले. "नदीवर स्लॅब टाका आणि वर पार्किंग करा. विषय संपला."

"आणि नदी?" आर्किटेक्ट मॅडमनी विचारलं. त्या वयानं लहान होत्या आणि मानधन न घेता यायच्या.

"नदी खालून जाईल की. आत्ता तरी कुठं दिसते?"

ते गंमत करत नव्हते. मला तेव्हा थोडं कसंतरी झालं, पण मी चहा सांगायला उठलो.

शेवटी मॅडमची कल्पना सगळ्यांना पटली. काठाकाठानं चालायची वाट, दोन्हीकडं झाडं, बसायला बाक. त्यांनी पडद्यावर नकाशा दाखवला. हिरवे, निळे पट्टे होते. कुणाला काही कळलं नाही.

"पडद्यावर राहू द्या," अध्यक्ष म्हणाले. "जमिनीवर दाखवा. आपले सर आहेत ना फक्कीवाले. रविवारी मारून ठेवा सर, आम्ही सगळे चालत बघायला येतो."

इतक्या मोठ्या लोकांनी माझ्या कामाचं नाव काढलं. मी लगेच हो म्हणालो.

रविवारी सकाळी मी शाळेतून फक्कीचं पोतं, सुतळी आणि खुंट्या घेऊन काठावर गेलो. एक टोक पुलाच्या कठड्याला बांधलं, दुसरं पुढच्या लिंबाला. मधल्या भागात सात-आठ पत्र्याची घरं आहेत. त्यांची तोंडं गल्लीकडं आणि मागची स्वयंपाकघरं नदीकडं. पहिलं घर कूलरवाल्या मिस्त्रींचं. आमच्या शाळेतले सगळे कूलर त्यांच्याच हातचे.

मॅडम म्हणाल्या, "सर, काठाकाठानं घ्या. घरांना वळसा घालून. साधारण कल्पना आली की बास." मग त्यांना फोन आला आणि त्या बोलत बोलत पुलाकडं गेल्या.

मी सुतळीकडं बघत राहिलो. ती ताणून सरळ बसली होती आणि मिस्त्रींच्या स्वयंपाकघराच्या पत्र्यावरून, त्याच्या पुढच्या घराच्या पत्र्यावरून, असं करत सगळ्यांच्या मागच्या खोल्यांवरून जात होती. काठाप्रमाणं वळवायची तर जागोजागी खुंट्या ठोकाव्या लागल्या असत्या आणि रेघ तुटक, वेडीवाकडी आली असती. मोठी माणसं बघायला येणार, आणि वाकडी रेघ मला बघवत नाही. याहून मोठं कारण माझ्याकडं तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. मी सरळ मारली. भिंत आली की थांबायचो, घराला वळसा घालून पलीकडं जायचो आणि सुतळीच्या अंदाजानं पुन्हा सुरू करायचो. पुलावरून बघितलं तर रेघ एका भिंतीत शिरून दुसरीकडून बाहेर पडत होती.

मिस्त्रींची बायको मागं भांडी घासत होती. मी जवळ आलो तसं तिनं काही न विचारता भांडी उचलून बाजूला घेतली. मला वाटलं, शाळेतले सर आहेत म्हणून आदरानं सरकली.

मंडळी आली, रेघेवरून चालली. अध्यक्ष म्हणाले, "वा, आता कळलं." एका निवृत्त अधिकाऱ्यांनी विचारलं, "मधली ही घरं?" मॅडम सांगायला लागल्या, "खरं म्हणजे वाट इथून जाणारच नाहीये, सरांनी जरा..." पण अध्यक्ष म्हणाले, "ते नंतर बघू. चला, चहा थंड होतोय." आम्ही चहाला गेलो. रेघ तिथंच राहिली. मैदानावर खेळ संपला की मी रेघ पायानं विस्कटून टाकतो. इथं विस्कटायला हवी हे सुचलं नाही.

त्याच आठवड्यात मिस्त्री शिक्षकांच्या खोलीतल्या कूलरचं गवत बदलायला आले. जुनं गवत पोत्यात कोंबता कोंबता त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही त्या मिटिंगला असता. ते आमच्या मागून फक्की मारलीय, ते खरं हाय का?"

खोलीत दुसरे दोन शिक्षक होते. मी म्हणालो, "अजून काही ठरलेलं नाही."

मिस्त्री गवत कोंबायचे थांबले. "ठरलं नाय," ते म्हणाले. एवढंच. मग जाळी बसवली, पंप चालू करून बघितला आणि जायला निघाले. दारात म्हणाले, "बरं झालं सर, तुम्ही तोंडावर सांगितलं."

मी खोटं बोललो नव्हतो. पण खरं तरी कुठं बोललो होतो? ती रेघ तशी सरळ मीच मारली, कुणीही तशी सांगितलेली नाही, तिला काडीचा अर्थ नाही, हे चार शब्दांत सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर त्या दोन शिक्षकांसमोर मी हलका ठरलो असतो. मोठ्या लोकांच्या बैठकीतला माणूस म्हणून शाळेत माझ्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागले होते.

मिस्त्रींनी माझ्या शब्दांचा काय अर्थ लावला ते मला नंतर कळलं. पूर्वी एकदा त्यांचं दुकान रस्तारुंदीत गेलं होतं. तेव्हाही आधी जमिनीवर खुणा झाल्या. विचारायला गेले तर अजून काही ठरलेलं नाही असंच सांगितलं गेलं, आणि मग एका सकाळी मशीन आली. तिनं पत्रे चुरगाळले, चौकट मोडली, पंखा काढायलाही वेळ मिळाला नाही. तेव्हापासून काठावरच्या लोकांनी एक रीत धरलीय. खूण दिसली की मशीनची वाट बघायची नाही. आपल्या हातानं काढायचं. पत्रा सरळ निघतो, चौकट वाचते, विटाही परत वापरता येतात.

एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मागून हातोड्यांचे आवाज आले. एक नव्हे, सगळ्याच घरांतून. मी भिंतीला वळसा घालून गेलो. मिस्त्री शिडीवर होते आणि स्वयंपाकघराच्या पत्र्याचे नट काढत होते. बायको खालून पत्रा धरत होती. पुढच्या घरात एक म्हातारे विटा सुट्या करून रचत होते. कुणी ओरडत नव्हतं, कुणी कुणाला शिव्या देत नव्हतं. लग्नानंतर मांडव उतरवतात तसं निवांत चाललं होतं. त्या निवांतपणाचीच मला भीती वाटली.

"मिस्त्री, खाली या," मी म्हणालो. "ती रेघ मी मारली होती."

"म्हाईत हाय सर. हिनं बघितलंय की."

"मग?"

"तुमच्याकडून कुणी मारून घेतली, तेवढंच कळंना."

"तशी कुणीच नाही. मंडळींना फक्त दाखवायला मारली. मला काठानं वळवायला सांगितलं होतं, मीच सरळ मारली."

ते शिडीवरून उतरले. पान्हा हातातच होता. "पहिली रेघ दाखवायलाच असती सर," ते म्हणाले. रागानं नाही, मला समजावून सांगितल्यासारखं.

मी तिथल्या तिथं रेघ पायानं पुसायला लागलो. दोन हात पुसली असेल. मिस्त्रींची बायको पुढं आली.

"राहू द्या सर. नका पुसू."

"अहो ताई, तिला काही अर्थ नाही."

"ही पुसली तर परत मारतील. तवा कुठून मारतील कुणी सांगावं? आता सैपाकघर चाललंय. पुढच्या टायमाला निजायची खोली धरली म्हणजे? हाय ती बरी हाय."

मी पाय मागं घेतला. आजूबाजूची माणसं काम थांबवून माझ्याकडं बघत होती, आणि मला दिसत होतं की त्यांना माझा आता खरोखर धाक वाटतोय. आजवर मैदानावर मुलांनाही माझा असा धाक वाटला नव्हता.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्यांना सांगून काय होणार? ज्यांच्यासाठी मारली त्यांना सांगा."

चैत्र सरेपर्यंत रेघ गेली. शेळ्यांनी, गाड्यांच्या चाकांनी, वाऱ्यानं. पण काठावर नव्या भिंती उठल्या त्या रेघेच्या अलीकडं, गल्लीच्या बाजूलाच. सगळ्या एका ओळीत. दोऱ्या लावून बांधल्यासारख्या. एक कुटुंब बांधायच्या भानगडीत न पडता फुलंब्रीला भावाकडं निघून गेलं. मिस्त्रींनी कूलर ठेवायच्या खोलीत चूल नेली आणि कूलरचे सांगाडे गल्लीत आले. तिथून जायला आता अंग चोरावं लागतं.

पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो. काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं, माझ्या सरळ रेघेच्या हौसेसकट. म्हणालो, आपण सगळ्यांनी जाऊन त्यांना सांगू, त्यांच्या जागा त्यांना परत घेऊ द्या.

चाचा मान खाली घालून बसले होते.

"सर, तुम्ही फार मनाला लावून घेता," अध्यक्ष मायेनं म्हणाले. "आपण कुणाला हात लावला का? नोटीस दिली का? लोकांनी समजून जागा सोडली. आणि आता सांगायला जायचं तर काय सांगायचं? उद्या वरून खरंच काही आलं तर तुम्ही जबाबदारी घेणार?"

मी घेऊ शकत नव्हतो. मी बसलो.

मॅडमनी लॅपटॉपवर आपला नकाशा उघडला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मोजणी परत करून घ्यावी लागेल. आधीची आता जुळत नाही."

"घ्या ना," अध्यक्ष म्हणाले. "जागा वाढलीय तर सायकलींची वाट वेगळी बसते का बघा."

मोजणीवाला आला त्या दिवशी मी मिस्त्रींकडं होतो. हल्ली दुपारी मी तिथं जाऊन बसतो. ते मला बसू देतात, कधी चहाही देतात. आमचं फार बोलणं होत नाही. मोजणीवाल्यानं तिवईवर यंत्र लावलं आणि नव्या भिंतीकडं बोट दाखवून विचारलं, "हद्द हीच ना?"

मी उठलो. "नाही. घर त्या दगडापर्यंत होतं."

"सर, जे उभं आहे ते मी घेतो. जे होतं ते कसं घेणार? यंत्राला दिसायला तर पाहिजे."

"अहो, पण महिन्यापूर्वी..."

"घेऊ द्या सर," मिस्त्री मागून म्हणाले. ते पंपाची वायर सोलत होते. "तुम्ही मधी बोलला की ते आणखी आत सरकतंय."

मोजणीवाल्याचा जोडीदार आला नव्हता. त्यानं लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी माझ्याकडं धरली. "जरा भिंतीला लावून उभी धरता का? एकच मिनिट."

माझे हात पुढं झाले नाहीत. मिस्त्रींनी वायर खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि ती काठी घेऊन आपल्या नव्या भिंतीला टेकवून धरली.

"हालवू नका," मोजणीवाला यंत्राला डोळा लावून म्हणाला.

"नाय हालवत," मिस्त्री म्हणाले.