चित्रामागं शब्द ठेवणाऱ्या बाई

कॉम्प्युटरवर चित्र आलं की बाई आधी डोळे मिटून घ्यायच्या. म्हणायच्या, "आता सांगा आबा, काय आहे?" मला राग यायचा. देवानं धड डोळे दिलेत, ते मिटायचे कशाला?

मी जतकडचा घोंगड्या विणणारा. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा सांगलीत विश्रामबागेतल्या एका ऑफिसानं आमच्या घोंगड्या इंटरनेटवर दाखवायचं काम घेतलं. बाई तिथं नोकरीला. त्यांचा थोरला भाऊ जन्मापासून आंधळा, अंधशाळेत मास्तर. त्याच्याकडचा कॉम्प्युटर लिहिलेलं मोठ्यानं वाचायचा, पण चित्र आलं की मुका. म्हणून बाई प्रत्येक चित्रामागं शब्द ठेवायच्या. डोळसांना ते दिसायचे नाहीत, त्या बोलक्या यंत्राला सापडायचे. आधी मराठीत, मग इंग्रजीत. मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांत, कारण यंत्राला आपली अक्षरं येत नव्हती.

ऑफिसच्या साहेबानं आमच्या बाराही चित्रांमागं नुसतं 'घोंगडी' लिहून ठेवलं होतं. बाईंनी ते काढलं आणि एकेका घोंगडीला दोन-दोन तास घेतले. 'काळी घोंगडी, कडेला बोटभर पांढरी पट्टी, चार पदरी घडी.' मी म्हणालो, "अस्सल लिवा की." त्या म्हणाल्या, "चित्रात आहे तेवढंच. कौतुक दिसत नाही, आबा."

बाराव्या चित्रात मी होतो. त्यामागं त्यांनी लिहिलं, 'मागावर बसलेला म्हातारा.'

"म्हातारा कुणाला म्हणता? कारागीर लिवा."

"तेही लिहिते. पण म्हातारा राहू दे. दादाला तुमचा चेहरा कळायला हवा."

पंधरा दिवस मी बाईंकडं पाठ करूनच बसायचो.

त्यातच साहेब एक दिवस तडकला. "दोन-दोन भाषांत गोष्टी लिहायला पगार देतो का मी? आंधळा काय घोंगडी बघून घेणार आहे?" मला सांगता आलं असतं, की शहाणा माणूस घोंगडी गालाला लावूनच घेतो, डोळ्यांचं काय काम? पण तो माझ्याकडं वळला. "आबा, चित्रं तुमची. ठेवू का पुसू?"

बाई माझ्याकडं बघत होत्या. माझ्या डोक्यात 'म्हातारा' हा एकच शब्द ठणकत होता. मी म्हणालो, "पुसा."

तेवढाच पुसा, असं मला म्हणायचं होतं. साहेबानं उभ्या उभ्या बाराही चित्रांमागचं पुसायला लावलं. मी मधे पडलो नाही. साहेबापुढं बोललेला शब्द फिरवायचा कसा?

बाईंनी नोकरी सोडली. शिरवळच्या एका कारखान्यात कामाला निघाल्या, तेव्हा सांगलीच्या स्टँडवर गाठ पडली. वाटलं, चार शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "दादा विचारत होता, कॉम्प्युटरवरचे घोंगडीवाले आबा आता बोलत का नाहीत?"

मी त्यांची पिशवी एसटीत चढवून दिली. त्या साहेबाला मात्र मी अजून शिव्या घालतो. बाईंच्या दादाला उत्तर देण्यापेक्षा त्या सोप्या आहेत.