चूक कोचचीच असते

मागच्या रांगेतल्या माणसाचा आवाज नदीन स्ट्राउडला आता घरच्या कुत्र्याच्या भुंकण्याइतका ओळखीचा झाला होता. तोंड मात्र तिने त्याचं कधी पाहिलं नव्हतं. कोचच्या घरच्यांनी स्टेडियममध्ये मागे वळायचं नाही, हा तिच्या नवऱ्याने, ड्वाइटने, लग्नानंतर पहिल्याच हंगामात घालून दिलेला नियम. शर्टावर आडनाव मिरवायचं नाही, ओळख सांगायची नाही, आणि मागचा काहीही बरळला तरी मान सरळ ठेवून उकडलेल्या शेंगा सोलत बसायचं. ड्वाइटने बरीच वर्षं बेल्डनच्या शाळेत फुटबॉल शिकवला. हा अलाबामाचा फुटबॉल. डोक्यावर हेल्मेट, काखेत लंबगोल चेंडू आणि समोरच्याच्या छातीत घुसायचं. ड्वाइटच्या वाट्याच्या शिव्या ऐकता ऐकता नदीनने पोतंभर शेंगा सोलल्या असतील. आता ड्वाइट नव्हता, आणि शिव्या मुलाच्या नावाने येत होत्या.

"अजून मिसरूड फुटलं नाही, आणि चाली सांगतोय," मागचा म्हणाला. "याच्या आईने दूध पाजून पाठवलाय बहुतेक."

आजूबाजूचे हसले. नदीनने शेंग फोडली.

गॅरेट वर्षभरापूर्वी बेल्डनच्या कॉलेजात सहायक कोच म्हणून लागला. पोरांना चेंडू झेलायला शिकवायचा, त्यांच्या मागे धावायचा, रात्री सामन्यांच्या चित्रफिती बघत बसायचा. मग हंगाम संपत आला असताना, चाली ठरवणारा मुख्य सहायक एका मोठ्या कॉलेजाने पळवला. या धंद्यात ते नेहमीचंच. हेड कोच लाइल विकरीने गॅरेटला बोलावून सांगितलं की उरलेल्या सामन्यांत चाली तू सांग, जमलं तर ही जागा तुझी. नाही जमलं तर काय, हे त्याने सांगितलं नाही, पण नदीनला ते सांगायची गरज नव्हती. बाहेरून नवा माणूस आणला की तो आपली माणसं घेऊन येतो, आणि जुन्या सहायकांनी खोकी भरायची असतात. म्हणजे बढती, नाहीतर घरचा रस्ता. मधलं काही नव्हतं.

त्या शनिवारी शेवटच्या मिनिटापर्यंत बेल्डन मागे होतं, पण चेंडू रेषेपासून दोन ढांगांवर आला होता. तो रेषेपलीकडे नेला, म्हणजे टचडाउन झाला, की सामना खिशात. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक टेवियन मीक्स, एकोणीस वर्षांचा उंच, अबोल कृष्णवर्णीय पोरगा, कडेला उभ्या गॅरेटकडे बघत होता. गॅरेटने चालींचा तक्ता तोंडासमोर धरला होता. सगळे कोच धरतात, ओठ कोणी वाचू नयेत म्हणून. नदीनला तोंड दिसत नव्हतं, हात दिसत होता. त्या हाताने एक खूण केली. मग पुसल्यासारखी करून दुसरी केली. मग पुन्हा पहिलीच. घड्याळ पळत होतं. टेवियनने आपल्या पोरांना काहीतरी ओरडून सांगितलं, अर्धे इकडे वळले, अर्धे तिकडे. चेंडू हातात आला तसा त्याने मधोमध फेकला, सरळ दुसऱ्या संघाच्या माणसाच्या छातीवर.

सामना गेला. मागच्याने गॅरेटच्या सात पिढ्या काढल्या. त्यातली एक पिढी त्याच्या पुढ्यातच बसली होती.

बाहेर गाड्यांच्या मैदानात रोशेल मीक्स, टेवियनची आई, पिकअपचा मागचा फळा पाडून उभी होती. प्रत्येक सामन्याला ती मेरिडियनहून पहाटे निघायची, येताना भलीमोठी परात भरून मॅकरोनी-चीज आणि भाजलेल्या बरगड्या आणायची, आणि सामना जिंको हरो, नदीनच्या हातात पहिली ताटली द्यायची. हंगामभर दोघी तिथेच उभ्या राहून जेवल्या होत्या. रोशेल ताटली वाढत होती आणि पिकअपच्या रेडिओवर पत्रकारांचे प्रश्न चालले होते. कोणीतरी गॅरेटला विचारलं, शेवटची ती चाल काय होती?

"आम्ही कोपऱ्यात फेकायला सांगितलं होतं," रेडिओवर गॅरेट म्हणाला. "टेवियनने ते चुकीचं वाचलं. त्याने मध्ये फेकला."

रोशेलचा चमचा थांबला. तिने भरलेली ताटली परातीत पालथी केली, वर चांदीचा कागद ओढला आणि कडा एकेक करून दाबत बसली.

"रोशेल," नदीन म्हणाली.

"कागद नीट लावला नाही तर गार होतं, मिसेस स्ट्राउड."

हंगामभर रोशेल तिला आपुलकीने मिस नदीन म्हणत आली होती.

"आता माझं पोर या गावात पेट्रोल भरायला गेलं तरी लोक तोंडावर बोलतील," रोशेल पुढे म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तुमच्या मुलाला चाल सांगायचा पगार मिळतो. माझ्याला कशाचा मिळतो, शिव्यांचा?"

या धंद्यात एक गोष्ट लहान पोरालाही ठाऊक असते: पोरगा चुकला तरी बाहेर कोच म्हणतो, चूक माझी. आत खोलीत त्याला सोलून काढा, पण दार उघडायच्या आधी कातडी पुन्हा चढवायची. ड्वाइट जन्मभर हेच करत आला. चेंडू आकाशातून पडला असता तरी तो म्हणाला असता, चूक कोचचीच असते.

रविवारी चर्चनंतर गॅरेट जेवायला आला. नदीनने मऊ पावासारख्या गरम बिस्किटांवर रस्सा वाढला आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं. गुरुवारी रेडिओच्या कार्यक्रमात तुला लाइल सोबत नेणार आहे, तिथे सांग की चूक तुझी होती.

"पण ती नव्हती," गॅरेट म्हणाला. "मी खोटं काय बोललो? त्याला कोपरा सांगितला होता."

"कितव्या वेळी?"

त्याने मान वर केली.

"मला वरून तुझा हात दिसत होता. कोपरा, मग धाव, मग पुन्हा कोपरा. त्याने त्यातलं कुठलं ऐकायचं होतं?"

"आई, तू जीवशास्त्र शिकवायचीस. बेडकं काप. हे माझ्यावर सोड."

"बेडूक तरी उडी मारायच्या आधी एकदा ठरवतो."

हे तिच्या तोंडून नको तितकं बोचरं निघालं. गॅरेटने काटा खाली ठेवला. मग तो जे बोलला, ते त्याने बरीच वर्षं साठवून ठेवलं असावं. बाबांनी सगळं अंगावर घेतलं. प्रत्येक हार, प्रत्येक मूर्ख पोराचा प्रत्येक मूर्खपणा. गावाने ते खरं मानलं, आणि एक दिवस शाळेने त्यांना काढलं. काढताना कारण काय दिलं? तुम्ही स्वतःच तर म्हणता, चूक तुमची. "मी त्या वेळी नववीत होतो," तो म्हणाला. "घरासमोरच्या गवतात कोणीतरी 'घर विकणे आहे'ची पाटी ठोकून गेलं होतं, गाव सोडा म्हणून. ती मी उपटली. तू नाही, बाबा नाही. मी."

नदीनला ती पाटी आठवत होती. कोणी उपटली, हे तिने कधी विचारलं नव्हतं. रस्सा ताटात घट्ट होत गेला, आणि तो न जेवताच निघून गेला.

गुरुवारी विकरीचा रेडिओ कार्यक्रम महामार्गावरच्या कॅटफिशच्या हॉटेलात व्हायचा. टेबलांवर तळलेले मासे, कोलस्लॉ, बर्फ घातलेला गोड चहा, आणि एका कोपऱ्यात माइक लावून बसलेला हेड कोच. गावाने फोन करून हवं ते विचारायचं, कोचने हसून गिळायचं. नदीन दाराजवळच्या टेबलावर बसली. आज गॅरेटला फाडून खातील, अशी तिची खात्री होती. निघताना तिने रक्तदाबाची गोळी घेतली होती.

पण पहिल्याच फोनवर भलतंच झालं.

"कोच स्ट्राउडसाठी फोन केलाय," पलीकडचा म्हणाला. तोच आवाज. मागच्या रांगेतला. "परवा मी तुम्हाला बरंच बोललो. शब्द मागे घेतो. या राज्यात खरं बोलणारा कोच पहिल्यांदा पाहिला. दोष कुणाचा ते तुम्ही सरळ सांगितलंत. आता त्या पोराला बाकावर बसवा, नाहीतर बसचं तिकीट काढून आला तिथे पाठवा. डोक्यात काही नाही त्याच्या. त्या लोकांना पळता येतं, विचार करता येत नाही."

हॉटेलात टाळ्या पडल्या. सगळ्यांनी वाजवल्या नाहीत, पण पुरेशा पडल्या. कोणीतरी गॅरेटच्या पाठीवर थाप मारली.

नदीन मुलाकडे बघत होती. माइक त्याच्या समोर होता. विकरीने तो उचलला नाही. तो लिंबाची फोड चहात पिळत बसला, सगळा वेळ त्याच्याच मालकीचा असल्यासारखा. गॅरेटचा चेहरा लाल झाला. आता बोलेल, नदीनला वाटलं. तो बोललाही.

"टेवियनवर आम्ही मेहनत घेतोय," तो म्हणाला. "फोन केल्याबद्दल आभार, सर."

मग पुढचा फोन आला. तोही टेवियनबद्दल होता, आणि त्याच्या पुढचाही. गॅरेटला त्या संध्याकाळी कोणी एक वाकडा शब्द बोललं नाही. तो येताना खांदे पाडून आला होता. तासाभराने तो टेकून बसला होता आणि मासे खात होता.

कार्यक्रम संपल्यावर विकरी नदीनच्या टेबलाशी आला. टोपी काढून उभा राहिला. शाळेत तो ड्वाइटच्या हाताखाली खेळला होता आणि नदीनच्या विषयात एकदा नापासही झाला होता.

"मिस नदीन, तुम्ही मला उगाच पास केलं नाहीत कधी," तो म्हणाला. "म्हणून तुम्हालाच विचारतो. शनिवारी हे पोरगं जिंकणार, चाली त्याला येतात. पण माझ्या शाळेतल्या कोचसारखी, तुमच्या ड्वाइटसारखी, पोरं सांभाळायला तयार आहे का?"

"हे तू आईला विचारतोस, लाइल? लाज नाही वाटत?"

"वाटते. तरी विचारतो."

पलीकडे गॅरेट कोणाच्या तरी टोपीवर सही करत होता. हसत होता. ड्वाइट गेल्यापासून तो असा हसलेला तिने पाहिला नव्हता. हो म्हटलं असतं तर तो बेल्डनमध्ये राहिला असता, रविवारी जेवायला येत राहिला असता. तिच्या डोळ्यांसमोर चांदीच्या कागदाच्या कडा दाबणारे रोशेलचे अंगठे आले.

"नाही," ती म्हणाली. "चाली येतात त्याला. पण दुसऱ्याचं पोर त्याच्या हाती देऊ नकोस. अजून नको."

विकरीने टोपी घातली. "माझंही तेच मत होतं," तो म्हणाला. "पण एकट्याचं असतं तर मी बदललं असतं."

हे ऐकून तिला हलकं वाटायला हवं होतं. उलट संताप आला. स्वतःचं ओझं त्याने किती अदबीने तिच्या टेबलावर आणून ठेवलं होतं.

शनिवारी, हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, बेल्डन जिंकलं, धो धो जिंकलं. टेवियनचं नाव पुकारल्यावर लोकांनी हुर्यो केली, मग त्याने फेकलेले चेंडू झेलले जाऊ लागले तसे गप्प झाले. रोशेल मैदानाच्या दुसऱ्या बाजूला बसली होती. मागचा माणूस आज गॅरेटच्या नावाने ओरडत होता, खुशीत. नदीनने शेंगा विकत घेतल्या होत्या, पण पुडी सोडली नाही.

सोमवारी विकरीने बाहेरचा माणूस नेमला. संध्याकाळी गॅरेट आईच्या दारात उभा होता. आत आला नाही.

"लाइल म्हणाला, तुझ्याशी बोलला होता. काय सांगितलंस त्याला?"

तिने सांगितलं. शब्द बदलला नाही.

"बाबा असते तर..." तो म्हणाला.

"तेही हेच म्हणाले असते."

"हो. पण त्याचाही दोष स्वतःवरच घेतला असता, पोराला मीच नीट शिकवलं नाही म्हणून. तुला ते तरी सुचलं का?"

त्याने खोकी भरली आणि कॅन्सासमधल्या एका लहान कॉलेजात गेला, पगार निम्मा. नाताळला कार्ड आलं, त्यात छापलेल्या शब्दांखाली फक्त नाव होतं. रोशेलला नदीनने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तो वाजत राहिला.

पुढच्या हंगामात बेल्डनच्या मैदानावर ती गेली नाही. शनिवारी दुपारी स्वयंपाकघरात संगणक लावून कॅन्सासच्या त्या कॉलेजाचं रेडिओ केंद्र ऐकायची. आवाज तुटक यायचा, समालोचक नावं चुकवायचा. ऑक्टोबरमध्ये ते अगदी शेवटी हरले, झेलणाऱ्याच्या हातातून चेंडू निसटला म्हणून. झेलणाऱ्या पोरांना शिकवायचं काम तिथेही गॅरेटचंच होतं. सामन्यानंतर कोणीतरी त्याच्यापुढे माइक धरून विचारलं, तो चेंडू त्या पोराने झेलायलाच हवा होता ना, कोच?

नदीनने संगणकाचा आवाज वाढवला. तिने हातातला पेला खाली ठेवला.

"चूक कोचचीच असते," गॅरेट म्हणाला. "पुढचा प्रश्न."

शब्द ड्वाइटचे होते, एकही कमीजास्त नाही. आवाज मात्र कोणाला तरी परत फेकून मारल्यासारखा होता. त्याला ते पटलं होतं की नुसतं पाठ होतं, हे तिला आवाजावरून ओळखता येईना, आणि तो तर तिच्या पोटचा होता. तिने फोन टेबलावर जवळ ओढला. अंधार पडेपर्यंत तो तसाच पडून राहिला. मग तिने उठून दिवा लावला आणि स्वतःपुरता रस्सा गरम केला.